आत माणसां आसत

"शटर उघड गो. आत माणसां आसत."

जाळीच्या दरवाजावर स्टीलची वाटी आपटत ती हे म्हणत होती. तीन ठोके, मग हे वाक्य, मग पुन्हा तीन ठोके. भर दुपार होती. साडी सुटून कमरेभोवती नुसता बोळा उरला होता. पायाखाली लघवी झाली होती आणि त्यातच ती अनवाणी उभी होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. दरवाजाला बाहेरून कुलूप, किल्ली सुनेच्या पर्समध्ये, आणि सून विमानतळावर साफसफाईच्या ड्युटीला. मी बाहेर, ती आत, मध्ये जाळी. जाळीच्या भोकांतून बोट जाईल, हात जाणार नाही.

मी म्हटलं, "कणकवली, मी आहे."

वाटी थांबली. तिने जाळीला डोळा लावला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोण ओ बाई? किल्ली तुमच्याकडे आसा?"

मला माणसांची सहसा भीती वाटत नाही. झोपडपट्टी पाडायला आलेल्यांसमोर मी उभी राहिले आहे. पण तिच्या त्या 'तुम्ही'ची वाटली. इतक्या वर्षांत तिने मला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. भांडतानासुद्धा नाही.

मी सांगितलं, किल्ली माझ्याकडे नाही. ती म्हणाली, "मगे मुकादमाक बोलवा." आणि पुन्हा वाटी आपटायला लागली.

आम्ही एकमेकींना नावाने कधी हाक मारली नाही. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्यात रबराचे वॉशर व्हायचे, तिथे आम्ही कामाला होतो. साच्यातून वॉशर निघाला की त्याच्या कडेला जादा रबर चिकटलेलं असतं. डाव्या हाताच्या चिमटीत वॉशर धरायचा, उजव्या हातातल्या बारक्या कात्रीने कड साफ करायची, खाली टाकायचा, दुसरा घ्यायचा. एवढंच काम. गाळ्यात एकाच नावाच्या तीन बायका होत्या म्हणून मुकादमाने गावावरून हाका मारायला सुरुवात केली, एस. टी.च्या पाट्या वाचल्यासारख्या. मी सातारा. ती कणकवली. पुढे कंपनी सुटली, वस्ती तुटली, बिल्डरने उंच इमारत बांधून दिली आणि एकाच मजल्यावर समोरासमोर खोल्या मिळाल्या, तरी आम्ही सातारा आणि कणकवलीच राहिलो. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मलाच वाटेल की दुसऱ्या कुणाबद्दल लिहिते आहे.

तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि तो खिडकीशी बसला तो बसलाच. मग ही कामाला निघाली. तोंड मोठं. कोळणीशी भाव करताना ऐकावं, कोळीणच शेवटी म्हणायची, घेऊन जा बाई, पण गप्प बस. माझ्याशी एरवी मुंबईची मराठी बोलायची, त्यात मालवणी फक्त 'गो' तेवढं. घरच्यांशी मात्र सगळं मालवणी. तिचं एक पालुपद होतं, "शटर पडायच्या आत." भाजी आणायची तर शटर पडायच्या आत. मुलाचं लग्न करायचं तर शटर पडायच्या आत. नवरा गेला तेव्हा मी भेटायला गेले. ती रडत नव्हती. म्हणाली, "शटर पडला त्याचा." आणि मला चहा दिला.

हे शटर आमच्या बोलण्यात आलं एका दिवसामुळे.

एका दुपारी कळलं की सरकारी माणूस तपासणीला येतो आहे. आमच्यातल्या कुणाचंच नाव कागदावर नव्हतं. मुकादमाने आम्हाला आत ठेवून शटर खाली ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं. गाळा बंद आहे असं दिसायला हवं होतं. जाताना म्हणाला, हा आलोच. तो आला संध्याकाळी. तोवर दिवा नाही, पंखा नाही, साच्याची धग आणि जळक्या रबराचा वास. आम्ही पाच बायका. बाहेर ट्रकमधून लोखंड उतरवत होते, त्या आवाजात आमचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार. मग हिने कात्रीच्या मुठीने शटरवर ठोके द्यायला सुरुवात केली. तीन ठोके. "शटर उघडा. आत माणसं आहेत." पुन्हा तीन ठोके. न चिडता, न रडता, वॉशर कापावा तसं.

पाणी फक्त माझ्याकडे होतं. बाकीच्या आणतच नसत. संडास शेजारच्या गाळ्यात होता आणि त्याची किल्ली मुकादमाकडे. मागितली की तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग आपल्याकडे. त्यापेक्षा पाणीच न पिणं बरं. आमच्यातल्या बायका सकाळी घरून निघाल्या की दिवस मावळेपर्यंत घोट घेत नसत. सवयच झाली. ती सवय अंगातून कधी गेली नाही.

आता जे लिहिते ते तिला आवडलं नसतं, पण खरं आहे. कामाला लागल्यापासून तिने माझ्या डब्यातलं काही खाल्लं नव्हतं. तिच्या घरी गणपती, माझ्या घरी बाबासाहेबांचा फोटो. कारण दोघींना माहीत होतं, त्यावर कुणी बोललं नाही. त्या दुपारी मी बाटली उघडून एक घोट घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने बाटलीकडे पाहिलं. ओठ कोरडे ठक्क होते. बराच वेळ गेला. मग हात पुढे केला आणि म्हणाली, "दी."

गटागटा प्यायली. पिऊन झाल्यावर म्हणते, "सातारा, आता मुतायचं कुठे गो?" मी कोपऱ्यातली रबराची बादली दाखवली. मग आम्ही पाचीजणी अशा हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिने न विचारता माझ्या डब्यात तळलेला बांगडा ठेवला. मला काटे काढता यायचे नाहीत. तरी खाल्ला.

अशी बाई. आता ती मला विचारत होती, तुम्ही कोण.

हे कसं सुरू झालं ते सांगते. सोमवारी दुपारी ती माझ्याकडे पत्ते खेळायला आली होती. बदाम सात. तिने दोन पत्ते मांडीखाली दाबले आणि "सुटले" म्हणून हात झटकले. मी मांडी उचलायला लावली तर म्हणते, "गुडघा दुखतोय, उचलत नाही." चहा मात्र घेतला नाही. म्हणाली, खाली जळजळतंय, उगाच सारखं जावं लागेल.

मंगळवारी सकाळी तिने मला बोलावून भिंत दाखवली. भिंतीवरून पापलेटं चालली होती म्हणे. "आणि सून बघ, एक पण धरत नाही." मला हसू आलं. ती पापलेटांशी भाव करत होती. संध्याकाळी मुलगा गाडीवरून आला, तर त्याला बापाच्या नावाने हाक मारून विचारलं, भोंगा झाला का. मग मला हसू आलं नाही. बुधवारी तिने गॅस चालू ठेवला आणि जिना उतरून थेट गेटपर्यंत गेली. वॉचमनने अडवलं, तर त्याला म्हणाली, सोड, कामावर खाडा होतोय. गुरुवारी सुनेने जाळीला कुलूप लावलं. आतला लाकडी दरवाजा उघडा ठेवला, हवा यावी आणि माझं लक्ष राहावं म्हणून.

सुनेला मी नावं ठेवत नाही. ती मला म्हणाली, "मावशी, दोन खाडे झाले तर कंत्राटदार तिसऱ्या दिवशी दुसरी बाई लावतो. उघडं ठेवलं आणि ह्या रस्त्यावर गेल्या तर? मी काय करू, तुम्हीच सांगा."

मजल्यावर जो तो येऊन सांगून जायचा. कुणी म्हणालं म्हातारचळ. कुणी म्हणालं गावच्या राखणदाराचा कोप आहे, नारळ चुकला असेल. कुणी अंगारा दिला. ती सगळ्यांच्या समोर बसलेली असायची आणि सगळे तिच्या डोक्यावरून बोलायचे. एकदा म्हातारचळ म्हटलं की त्या माणसाचं पुढचं कुठलंच बोलणं धरत नाहीत. ती म्हणाली पोटात दुखतं, तर म्हणे भ्रमात आहे. ती म्हणाली तहान लागली, तर आधी शांत हो, मग देतो.

मुलाने टिटवाळ्याच्या पुढे एक आश्रम पाहिला. फोनवर बोलणं झालं. रविवारी नेऊन सोडायचं ठरलं. मला म्हणाला, "तिथे सगळे असेच असतात मावशी. तिला करमेल."

मला झोप लागली नाही ती त्या 'असेच'मुळे. त्या आश्रमात तिला आधी पाहिलेलं कुणी नव्हतं. ही पत्त्यांत चोरी करते हे तिथे कुणाला माहीत असणार? ती ठोके देत तिथे गेली असती, तर तिथल्या लोकांना वाटलं असतं की ही बाई ठोके देणारीच आहे. मग तिथे कायमचं कुलूप. आणि ते उघडायला कुणी येणार नाही, कारण आत जी बाई आहे ती मुळात कोण, हेच बाहेर कुणाला ठाऊक नाही.

मी सुरुवातीला सांगितली ती वाटी आपटण्याची दुपार शुक्रवारची. त्या संध्याकाळी मुलाने कुणाच्या तरी घरची उरलेली झोपेची गोळी आणून तिला दिली. शनिवारी सकाळी सून दारात आली. चेहरा हलका झाला होता. "आज शांत आहेत मावशी. सुटलो."

मी आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे अर्धे उघडे. जीभ चामड्यासारखी. "कणकवली," मी म्हटलं. मान वळली नाही. मी हात धरला, तर हात आपलं काम करत होता. डाव्या हाताची चिमटी चादरीला आणि उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडझाप, उघडझाप.

मुलगा म्हणाला, "सकाळपासून चादर कुरतडते."

"कुरतडत नाही. वॉशर कापते."

त्याने चादर सोडवली, तरी बोटं चालूच राहिली. मी म्हटलं, "हिला दवाखान्यात ने."

"मावशी, वय झालं. म्हातारचळ आहे. हळूहळू असं व्हायचंच."

"हळूहळू? सोमवारी हिने दोन पत्ते मांडीखाली दाबून मला हरवलं. लपवायला डोकं लागतं. सोमवारी डोकं होतं, मंगळवारी नाही. म्हातारपण काय रिक्षाने येतं का रे?"

"पण आज बरी आहे ना? ओरडत नाही."

"ही बाई गप्प आहे. तू जन्मल्यापासून हिला कधी गप्प पाहिलीस?"

त्याने आईकडे पाहिलं. मला वाटतं, त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. मी म्हटलं, "उद्या गाडीत घालायचीच आहे ना? आज घाल. आधी दवाखाना, मग तुला न्यायची तिथे ने." तो भाड्याची गाडी चालवतो. त्याने चावी घेतली.

सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, डोळे तांबारलेले, बहुतेक रात्रीपासून जागी. तिने विचारलं, "हे कधीपासून?"

मुलगा म्हणाला, "वयामुळे... हळूहळू..."

मी मागून म्हटलं, "मंगळवारपासून."

डॉक्टरणीने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "त्याआधी कशा होत्या?"

"पत्त्यांत चोर."

ती हसली नाही. तिने पुढचे प्रश्न मला आणि मुलाला आलटून पालटून विचारले. पाणी किती पितात, लघवीला जळजळ होती का, पोट साफ होतं का, कुठली नवी गोळी दिली का. गोळीचं मुलाने शेवटी सांगितलं. मग तपासण्या झाल्या. लघवीत जंतू, ताप आतल्या आत, अंगातलं पाणी आटलेलं. त्यावर ती गोळी.

डॉक्टरीण म्हणाली, "हे वेड नाही आणि म्हातारपणही नाही. याला डिलिरियम म्हणतात. वय झालेल्या माणसाच्या शरीरात काही बिघडलं की कधी कधी पहिल्यांदा डोक्यावर दिसतं. हे असं एकदम येतं, दिवसातून कमीजास्त होतं. ओरडणाऱ्याला लोक घेऊन येतात. गप्प पडलेल्याला आणत नाहीत, आणि तेच जास्त धोक्याचं."

"वाचेल ना?" मुलाने विचारलं.

"उपचार सुरू करतो. उशीर झालाय. आज काही सांगत नाही."

वॉर्डात कणकवलीने दोनदा सलाइन उपटलं, म्हणून कुणीतरी तिचे हात पट्टीने खाटेला बांधले. आधी शटर, मग जाळी, आता पट्टी. बांधलेल्या हातांची बोटं तरीही चालू. आवाज निघत नव्हता, ओठ हलत होते. काय म्हणते ते मला माहीत होतं. डॉक्टरीण फेरीला आली तेव्हा मी पट्टी दाखवली. ती म्हणाली, घरचं माणूस सतत जवळ बसणार असेल तर सोडते. मी म्हटलं, सोडा. दिवसा मी बसले, रात्री सून. तिने खाडा केलाच शेवटी.

डॉक्टरणीने सांगितलं, चष्मा आणा. नीट दिसलं नाही की भीती वाढते. सुनेला चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. आणखी सांगितलं, त्यांच्याशी वाद घालू नका, पण उगाच हो ला हो म्हणू नका. कुठे आहेत, कोण बसलंय, सकाळ आहे की दुपार, एवढं सांगत राहा.

मी पोपटासारखी सांगत राहिले. "तू इस्पितळात आहेस. सकाळ आहे. तुझ्या लघवीत दोष झालाय. मी सातारा."

ती विचारायची, "शटर?"

मी खाटेभोवतीचा हिरवा पडदा सारायचे आणि वॉर्डाचा दरवाजा दाखवायचे. "उघडा आहे. बघ. माणसं जातायत, येतायत." ती बघायची. डोळे मिटायची. जरा वेळाने पुन्हा, "शटर?" मी पुन्हा पडदा सारायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मुलगी वैतागली. "मावशी, एकदाच काय ते उघडं ठेवा ना." मग उघडंच ठेवलं. मला सुचलं नव्हतं.

रविवारी आश्रमवाल्यांचा फोन आला. मुलगा जिन्यात बसला होता. फोन हातात वाजत राहिला, त्याने उचलला नाही.

सलाइन चालू होतं, इंजेक्शनं चालू होती. कधी ती जरा बरी वाटायची, कधी पुन्हा माझ्याकडे बघून तोंड फिरवायची. माझी कंबर गेली त्या स्टुलावर. मग एका सकाळी मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत होते, तर वरून आवाज आला.

"सातारा, पाणी दी."

मी बाटली तोंडाला लावली. प्यायली. मग चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "पूस ह्यो. पीठ आसा ह्याच्यार."

मी पुसला. दुसरं काही केलं नाही.

घरी आल्यावर ती पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. जिना उतरताना भिंत धरायची, मध्येच शब्द विसरायची. पण आश्रमाचं नाव निघालं नाही. सुनेने जाळीची एक किल्ली माझ्याकडे दिली. ती आधीच द्यायला हवी होती, हे तीही बोलली नाही, मीही नाही. पाण्याचा तांब्या मी तिच्या समोर ठेवायचे आणि संपेपर्यंत पत्ते वाटायचे नाही. ती शिव्या देत प्यायची.

मला वाटलं होतं, तिला त्या दिवसांतलं काही आठवत नसेल. एकदा पत्ते खेळताना मान वर न करता म्हणाली, "मला सगळं आठवतं."

"काय आठवतं?"

"तुम्ही सगळे बाहेर बोलत होता. म्हातारचळ, बाधा, आश्रम. मी आत होते गो. ठोकत होते."

"ऐकू येत होतं."

"मग उघडलं का नाही?"

"किल्ली नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातला पत्ता टाकला. त्या डावात तिने पुन्हा पत्ते लपवले. मी पाहिलं आणि मांडी उचलायला लावली. दया म्हणून सोडून देणं तिला चाललं नसतं.

पुढच्या वर्षी ती हृदयाच्या दुखण्याने गेली. सकाळी सून चहा उकळत होती, तेवढ्यात. माणसं ओळखत गेली. तिच्या दाराची किल्ली अजून माझ्या खिळ्याला आहे.

मी माझ्या मुलाला सांगून ठेवलं आहे. मी उद्या काही बरळले, भिंतीवर मासे बघितले, तुला तुम्ही म्हटलं, किंवा एकाएकी गप्प झाले, तर वय मोजत बसू नकोस. आधी विचार, कधीपासून. तो हो म्हणतो. मोबाइलमध्ये बघत हो म्हणतो. ऐकलं की नाही ते तेव्हाच कळेल, आणि तेव्हा मी आत असेन.

त्या दुपारी शटरच्या आत आम्ही पाचजणी होतो. जालना, वाशीम, लांजा, कणकवली आणि मी. चौघी गेल्या. मी आहे.